घर साफ करायला काय घ्यावं: मोरीतलं पाणी, ओट्याचा दगड आणि बाटलीवरची अक्षरं

बेसिनच्या जाळीतून खाली गेलेलं पाणी नजरेआड होतं, पण कुठे ना कुठे पोचतंच. शहरात ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. गावात शोषखड्ड्यात मुरतं, नाहीतर परसातल्या अळू-केळीच्या आळ्यात शिरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांमधून रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि ते शुद्ध करायची उभारलेली क्षमता आहे ३१,८४१ दशलक्ष लिटर. तेव्हा भांड्यांवर, कपड्यांवर, संडासात आपण जे ओततो, त्यातलं बरंचसं जसंच्या तसं ओढ्या-नद्यांत उतरणार आहे, असं धरूनच खरेदी करावी. दुकानातली कोणती बाटली ‘हिरवी’ हा प्रश्न त्यानंतरचा. आधी किती कमी ओतून भागतं ते बघायचं, आणि मग जे ओतायचं ते लवकर कुजणारं, माशांना आणि मातीला सोसणारं निवडायचं.

खरेदीआधी घरात बघायच्या गोष्टी

पहिली म्हणजे पाणी. बोअरचं पाणी जड, म्हणजे चुन्यासारखे क्षार जास्त असलेलं, असलं की साबण फेस धरत नाही, आणि मग हात सैल सुटतो. तपासायचं असेल तर पारदर्शक बाटलीत अर्धा पेला पाणी घ्या, अंगाच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि दहा सेकंद हलवा. वर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं तर पाणी हलकं. फेस जवळजवळ नाही, पाणी दुधट आणि त्यात दह्यासारख्या कण्या दिसल्या तर पाणी जड. इथे डिटर्जंट घेऊ नका, तो जड पाण्यातही फेसाळतो आणि चाचणी फसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे, म्हणजे ‘पिण्याजोगं’ पाणीसुद्धा साबणाच्या दृष्टीने चांगलंच जड असू शकतं.

दुसरी गोष्ट ओटा आणि फरशी. कडप्पा, शहाबाद, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच जातीचा, आणि जुन्या मोझॅक फरशीत संगमरवराचे तुकडेच सिमेंटमध्ये बसवलेले असतात. अशा दगडावर लिंबू, व्हिनेगर, चिंच किंवा संडासाचं ॲसिड पडलं की दगडच विरघळतो. काळ्या कडप्प्यावर लिंबाची अर्धी फोड दहा मिनिटं पालथी राहिली तर तिथे राखाडी, निस्तेज गोल उमटतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो डाग नाही, खाल्ला गेलेला दगड आहे. पर्यावरणपूरक सफाईच्या निम्म्या कृती लिंबू-व्हिनेगरवर उभ्या असतात आणि त्या वाचून कितीतरी ओटे असे खराब झालेले आहेत. तुमचा दगड कोणता ते माहीत नसेल तर कोपऱ्यात, शेगडीच्या मागे लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पाच मिनिटांनी जागा निस्तेज झाली, तर त्या घरात आंबट काहीही फक्त स्टील, काच आणि संडासाच्या भांड्यापुरतं. ग्रॅनाइट आणि भाजलेल्या टाइल्सना ही भीती फारशी नाही.

तिसरी गोष्ट, पाणी जातं कुठे. सेप्टिक टँक असेल तर जंतुनाशकं कमीत कमी, कारण टाकीतलं काम जंतूच करत असतात. पाणी झाडांना जात असेल तर सोडा आणि साबणचुरा जपून. त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

बाटलीवर काय वाचायचं

‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ हे शब्द वाचून काहीच कळत नाही. पाणी हेही रसायनच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांचा नेमका अर्थ आणि पुरावा ग्राहकाला मिळाला पाहिजे, असं ती सांगतात. त्यामुळे बाटलीवर नुसतं हिरवं पान असेल आणि खुलासा नसेल, तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पर्यावरणपूरक वस्तूंसाठीचा सरकारी इकोमार्क १९९१ पासून आहे, मातीचा माठ हे त्याचं मूळ चिन्ह. चिन्ह दिसलं तर चांगलंच.

‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दालाही एकट्याने वजन नाही. शेवटी जवळजवळ सगळंच कुजतं, प्रश्न किती दिवसांत हा. धुण्याच्या मूळ द्रव्यांसाठी जगभर वापरली जाणारी कसोटी २८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन अशी आहे. बाटलीवर ‘रेडिली बायोडिग्रेडेबल’ किंवा २८ दिवसांचा उल्लेख असेल तर ते वाक्य कामाचं.

पूर्ण घटक छापलेले असतील तर ते सावकाश वाचा. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड अशी नावं दिसली तर उत्तम. ही साखर आणि तेलापासून बनतात, लवकर कुजतात आणि हातालाही सौम्य असतात. सोडियम लॉरेथ सल्फेट चालेल. स्वस्त पावडरींत आणि वड्यांत बहुधा लिनियर अल्किल बेंझीन सल्फोनेट असतं. हवा मिळाली की ते कुजतं, पण सेप्टिक टँकच्या तळात, जिथे हवा नाही, तिथे जवळजवळ तसंच राहतं. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट दिसलं तर बाटली परत ठेवा. ते कुजताना जे उरतं ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं आणि युरोपात घरगुती सफाईत त्यावर २००५ पासून बंदी आहे. ट्रायक्लोसान असलेला हात धुण्याचा साबण घेण्यातही अर्थ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असे साबण बाजारातून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

फॉस्फेटचं थोडं वेगळं आहे. जड पाण्यातला चुना बांधून ठेवायला ते पावडरीत घालतात आणि ते काम ते खरोखर चांगलं करतं. पण नदीत पोचल्यावर तेच शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत होतं. पंचगंगेवर किंवा मुळा-मुठेवर पसरणारा हिरवा गालिचा याच खतावर वाढतो. त्यात मैल्याचा आणि शेतीच्या खतांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण पावडर तरी आपल्या हातात आहे. युरोपीय संघाने जून २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्याच्या मात्रेला अर्धा ग्रॅम फॉस्फरस एवढीच मुभा ठेवली आहे. ‘फॉस्फेटविरहित’ आणि त्याऐवजी झिओलाइट किंवा सायट्रेट असलेली पावडर मिळते, ती घ्या.

आणि ‘वनस्पतीपासून’ म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. रिठ्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. म्हणून रिठ्याचं पाणीसुद्धा थेट ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर ओतायचं नाही.

घरात एवढं पुरतं

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत, भांड्यांचा एक चांगला द्रव साबण, ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणि वेगळ्या कप्प्यात क्लोरीन ब्लीचची एक लहान बाटली. पहिल्या तीन वस्तू किराणा दुकानात सुट्या मिळतात. परकार्बोनेट बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं. पाण्यात विरघळल्यावर त्याचं धुण्याचा सोडा, पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे दुसरं काही राहत नाही.

खाण्याचा आणि धुण्याचा सोडा यांत गल्लत नको. खाण्याच्या सोड्याचा पीएच साधारण ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. पहिला हाताने चोळता येतो, दुसऱ्याला रबरी हातमोजे हवेत. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला आणि हिंडालियमला लावू नका, कढई काळी पडते आणि तिला बारीक खड्डे पडतात. रेशीम आणि लोकरीलाही तो चालत नाही.

सगळीकडे फिरणारी एक कृती मात्र टाळा: व्हिनेगर आणि सोडा एकत्र करणं. खळखळून फेस येतो, डोळ्यांना बरं वाटतं, पण आम्ल (व्हिनेगर) आणि अल्क (सोडा) यांनी एकमेकांना संपवलेलं असतं. उरतं ते थोडं मीठ मिसळल्यासारखं पाणी, त्याने काहीच निघत नाही. तेलकट असेल तिथे सोडा वापरा, पांढरे क्षार असतील तिथे लिंबूसत. दोन्ही लागत असतील तर एक धुऊन मग दुसरं.

भांडी

सगळ्यांत जास्त साबण इथे वाया जातो, आणि वाचतोही इथेच. तेलकट कढई, तवा, फोडणीची पळी आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा नारळाच्या शेंडीने पुसून घ्या आणि तो बोळा कचऱ्यात टाका. तेल पाइपात जात नाही, बेसिन तुंबत नाही आणि साबण निम्मा लागतो. वाटीत अर्धी वाटी पाणी आणि चहाचा एक चमचा द्रव साबण घेऊन घासणी त्यात बुडवायची. बाटली थेट घासणीवर दाबली की दरवेळी तिप्पट पडतो. चारजणांच्या घरातली एका वेळची भांडी या वाटीत होतात. भांडी घासायला ताई येत असतील तर त्यांच्याशी हे बोलून घ्या, आणि सोबत हातमोज्यांची जोडी द्या. जो साबण वापरायचा त्यात दिवसभर हात त्यांचेच असतात.

वडी वापरायची असेल तर तिला खालून भोकं असलेली साबणदाणी हवी. पाण्यात बसलेली वडी दोन दिवसांत लगदा होते. वडीत भुकटीचा भर असतो, म्हणून स्टीलवर पांढुरकी पुटं दिसली तर भांडं वाहत्या पाण्याऐवजी एका पातेल्यातल्या पाण्यात बुडवून काढा, पाणी कमी लागतं आणि पुटं जातात. हिरव्या नायलॉनच्या घासणीचे तुकडे झिजून पाण्यात जातात. काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तेच काम करते. घोसाळं वेलावरच वाळू द्यायचं, हलवून आत बिया खुळखुळल्या की तोडायचं, साल सोलून बिया झटकायच्या. एक जाळी दर दोन दिवसांनी उन्हात टाकली तर तीन-चार आठवडे जाते.

तळाला करपलेलं असेल तर स्टीलच्या पातेल्यात तळ बुडेल एवढं पाणी आणि टेबलस्पूनभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, लाकडी उलथन्याने सुटतं. कुकर आतून काळा पडला असेल तर उलट करायचं: पिळून झालेली लिंबाची सालं किंवा चिंचेचा चोथा घालून पाणी उकळा. ते काळं अल्कामुळे आलेलं असतं, म्हणून आम्लाने जातं.

तांब्या-पितळेला लिंबाएवढी चिंच, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून तिच्यात चहाचा चमचाभर मीठ. हाताने चोळा, रंग उजळला की लगेच धुवा आणि कोरडं पुसा. ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा डाग येतात. आतून कल्हई असलेल्या भांड्याला आत चिंचही नको आणि राखही नको. कल्हई झिजली की अन्न तांब्याला लागतं.

कपडे

जड पाण्यात पावडर वाढवत राहणं हा उपाय नाही, आधी पाणी हलकं करा. १५ लिटरची बादली आणि लिटरला ३०० मिलीग्रॅम जडपणा धरला तर धुण्याच्या दाणेदार कोरड्या सोड्याचे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पुरतो. स्फटिकाच्या खड्यांचा सोडा असेल तर १३ ग्रॅम लागतो, कारण खड्यांमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. सोडा आधी पाण्यात ढवळा, पाच मिनिटं थांबा, पाणी थोडं गढूळ होईल, मग पावडर घाला. नेहमीच्या निम्मी घालून बघा.

मशीनमध्ये मात्रा ठरवायची साधी रीत अशी: पाकिटावर लिहिलेल्या मात्रेपासून सुरुवात करून दर धुण्याला पाव भाग कमी करत जा. कॉलर, बाही आणि टॉवेलचा वास यांवर लक्ष ठेवा. जिथे फरक दिसेल त्याच्या एक पायरी वर थांबा. दुसऱ्या खळबळणीच्या पाण्यातही फेस असेल तर पावडर जास्तच पडतेय. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध नाही. फेस आवडतो म्हणून तो घातलेला असतो, आणि फ्रंट लोड मशीनमध्ये तर तो कपड्यांचं आपटणंच मऊ करून टाकतो.

पांढऱ्या सुती कपड्यांना ५ लिटर गरम पाण्यात, हात जेमतेम सोसेल एवढ्या, टेबलस्पूनभर परकार्बोनेट घालून तासभर ते रात्रभर भिजवा. चहा, हळद, घामाचे डाग उतरतात. गार पाण्यात ते जवळजवळ काही करत नाही, ‘उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. केलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, आत ऑक्सिजन साठून बाटली फुटते. पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं कपड्यावर बसून निळसर प्रकाश परतवतात, मळ काढत नाहीत. सॉफ्टनरऐवजी शेवटच्या बादलीत चहाचा अर्धा चमचा लिंबूसत घाला. टॉवेलमध्ये अडकलेला सोडा निघतो, तो कडक राहत नाही आणि पाणीही नीट टिपतो.

रिठा रेशमाला आणि लोकरीला सगळ्यांत चांगला. १०० ग्रॅम रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, कुस्करून कपड्यातून गाळा. हे पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर दोन दिवसांत आंबतं. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलं तर महिनाभर सोय. एका रेशमी साडीला पाच लिटर गार पाण्यात एक वाटी. पांढऱ्या सुतीवर रिठा पिवळट छटा सोडतो आणि ओशट भांड्यांवर त्याचा पाड लागत नाही, म्हणून सगळीकडे रिठाच, हा हट्ट नको.

मोरीचं पाणी झाडांना जात असेल तर

अळू-केळीच्या आळ्यात सोडलेलं भांड्यांचं पाणी झाडं आनंदाने घेतात. कपड्यांच्या पाण्याचं तसं नाही. साबणचुऱ्यात आणि सोड्यात सोडियम भरपूर असतं, आणि स्वस्त पावडरीत तर वजन भरायला सोडियम सल्फेट आणि मीठ घातलेलं असतं. सोडियम साचलं की काळ्या मातीचे कण सुटे होतात, पावसात चिखल आणि उन्हात दगड, पाणी मुरत नाही. घरापुढच्या केळीची पानं कडेने जळल्यासारखी दिसू लागली आणि आळ्याभोवती पांढरी पापुद्री आली तर हेच झालेलं असतं. अशा घरी कपड्यांना द्रव डिटर्जंट घ्या, सोडा आणि परकार्बोनेटचं पाणी वेगळ्या वाटेने काढा, आणि दर आठवड्याला आळ्यात साधं पाणी भरपूर सोडा. ब्लीचचं पाणी झाडांना कधीच नको. कोकणात जांभ्यातून पाणी भराभर खाली उतरतं, तिथे शोषखड्डा विहिरीपासून शक्य तेवढा लांब ठेवा.

न्हाणीघर आणि संडास

बाजारातल्या संडास-क्लीनरमध्ये बहुधा १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नदीच्या दृष्टीने ते फार मोठं संकट नाही, पाण्यात ते लवकर निवतं. त्याचा धोका घासणाऱ्याच्या छातीला, नळाच्या मुलाम्याला आणि फरशीला. जड पाण्याचा पिवळा-पांढरा थर हेच काढायचं असेल तर लिंबूसत पुरतं. संध्याकाळी ब्रशने ढकलून भांड्यातलं पाणी खाली घालवा. अर्धा लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत विरघळवा आणि थराच्या रेषेवर ओता. थर पाण्याच्या वर असेल तर जुनं फडकं त्यात भिजवून चिकटवा. रात्रभर ठेवून सकाळी घासा. वर्षानुवर्षांचा जाड थर एका रात्रीत जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. पाणी उकळतं नको, गार चिनी माती तडकते.

शॉवरची भोकं बुजली असतील तर एका पिशवीत कोमट पाणी आणि लिटरला २० ग्रॅम लिंबूसत घेऊन ती तोंडाला बांधा. क्रोमला पंधरा मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर मुलामा धुरकट होतो. किटलीलाही हेच प्रमाण, पण उकळू नका, कारण फार गरम झालं की लिंबूसत आणि चुना यांचा न विरघळणारा पांढरा साका तयार होतो.

टाइलच्या सांध्यांतल्या काळ्या बुरशीवर परकार्बोनेट गरम पाण्यात कालवून दाटसर लेप लावा, अर्ध्या तासाने जुन्या दातब्रशने घासा. नंतर खिडकी उघडी राहिली नाही तर बुरशी दोन आठवड्यांत परत येईल, मग काहीही लावा.

आता जिवावरची गोष्ट. संडासाचं ॲसिड आणि क्लोरीन ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो काही क्षणांत श्वास कोंडतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत आणि ब्लीच यांचंही तेच. एकाने घासून ‘अजून नीट नाही झालं’ म्हणून वर दुसरं ओतणं, अपघात बहुधा असाच होतो. वास झोंबला की लगेच बाहेर या, दार-खिडक्या उघडा, धुवायला पुन्हा आत जाऊ नका.

फरशी, फिनेल आणि जंतू

रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि नीट पिळलेलं फडकं पुरतं. चिकटा असेल तर पाच लिटरला चहाचा एक चमचा द्रव साबण, त्याहून जास्त घातला तर फरशीवर थर राहतो आणि धूळ उलट लवकर बसते. काळं फिनेल डांबरापासून निघणाऱ्या फिनॉलचं असतं. ते जलचरांना विषारी, आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठीही, कारण ती पंजे चाटते. पांढरं फिनेल बहुधा पाइन तेलाचं, तुलनेने सौम्य. सुगंधी फ्लोअर क्लीनरमध्ये बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. तो जंतुनाशक आहे, सेप्टिक टँकला आणि पाण्यातल्या जिवांना वाईट. एक खास गोष्ट: साबणाच्या पाण्यात तो मिसळला की साबण आणि तो एकमेकांना निकामी करतात. बादलीत थोडं हे, थोडं ते घालणाऱ्या घरात दोन्हींचे पैसे वाया जातात.

जंतुनाशक लागतंच अशा वेळा मोजक्या असतात: घरात कुणाला उलट्या-जुलाब, कच्ची मासळी किंवा मटण कापलेली फळी. तेव्हा व्हिनेगरवर विसंबू नका, ते त्या कामाचं नाही. आधी साबणाने मळ काढा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग लिटरभर पाण्यात ४ टक्क्यांचं ब्लीच २५ मिली किंवा ५ टक्क्यांचं २० मिली. दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुवा. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. बाटलीसुद्धा उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात राहिली तर सहा महिन्यांत बरीच निवते, म्हणून लहानच बाटली घ्या.

बायोएंझाइमबद्दल

१ भाग गूळ, ३ भाग संत्र्या-मोसंबी-लिंबाची सालं, १० भाग पाणी. १०० ग्रॅम, ३०० ग्रॅम आणि एक लिटर घेतलं तर बाटली दोन लिटरची आणि प्लॅस्टिकचीच, काच फुटू शकते. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा, पुढे आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी गाळा. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, काळी-हिरवी बुरशी आली तर फेकून द्या. तीन महिन्यांआधी वापरलं तर गुळाचा अंश राहतो आणि फरशीवर मुंग्या येतात. फरशीला दहापट पाणी, स्टीलच्या सिंकला निम्मं.

सालं कचऱ्यात न जाता कामाला येतात, हे आम्हाला मनापासून आवडतं. पण त्याचं काम मुख्यतः त्यात तयार झालेल्या आम्लाने होतं. ते सौम्य व्हिनेगर आहे, जंतुनाशक नाही. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा, आणि कडप्प्यावर, शहाबादी फरशीवर ते नको.

तुंबलेलं बेसिन

कॉस्टिकच्या पुड्या शेवटचा उपाय म्हणूनही टाळा. त्या पाइपात इतक्या तापतात की पीव्हीसीचे सांधे सुटतात. आधी खालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने उघडून साफ करा, खाली बादली ठेवून. नाही झालं तर रबरी पंप. दर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि थोडा द्रव साबण सोडला तर वेळच येत नाही. पाणी उकळतं नको, पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो.

बाटल्या, आणि घरात आधीपासून असलेलं

पाच लिटरचा कॅन घेऊन जुनी बाटली भरणं हे चांगलं. रिफिलचे मऊ पाउच अनेक थरांचे असतात, भंगारवाला सहसा घेत नाही. सुटं फिनेल किंवा ॲसिड शीतपेयाच्या जुन्या बाटलीत आणू नका, लहान मुलांनी ते पेय समजून प्यायल्याच्या घटना घडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत, दुकानदाराला ओळखपत्र आणि नोंद घ्यावी लागते. घरी भरलेल्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून द्रव्याचं नाव, प्रमाण आणि भरल्याची तारीख लिहा.

नवं आणण्याआधी जुनं संपवा, ओतून देणं म्हणजे तेच सगळं एका दमात गटारात. फक्त जुनं ॲसिड घरात ठेवायचंच नसेल तर ते असं निवळवा: मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घ्या. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड १०० मिली हळूहळू सोडा आणि मग धुण्याचा कोरडा सोडा चमच्या-चमच्याने टाकत ढवळा. एवढ्याला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतो. नवा चमचा टाकल्यावर फसफसणं थांबलं की झालं, ते पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर संडासात सोडा, झाडांना नको.